‘फक्त डिस्टिल्डच’: एका वाक्यात लपलेले तीन दावे

या ब्लॉगवर आपण एरवी पेपर वाचतो. आज एकच वाक्य वाचायचं आहे: “सीपॅपच्या ह्युमिडिफायरमध्ये फक्त डिस्टिल्ड पाणीच वापरा.” यंत्रासोबत येणाऱ्या बऱ्याच माहितीपुस्तिकांत हे छापलेलं असतं. विक्रेता सांगतो, व्हिडिओवाले सांगतात, आणि घरातलं कुणी सीपॅप वापरत असेल तर आता तुम्हीही सांगत असाल.

हे वाक्य चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही. मला विचारायचं आहे ते वेगळंच: हे वाक्य कशाच्या आधारावर उभं आहे? पेटची तयारी करताय, सिनॉप्सिस लिहिताय, तर पुढची काही वर्षं तुम्हाला हाच उद्योग करायचा आहे. तुमच्या लिटरेचर रिव्ह्यूमध्ये अशी शेकडो वाक्यं येतील. सगळ्यांना मान्य असलेली, सगळ्यांनी एकमेकांकडून उचललेली.

आधी यंत्र समजून घेऊ. स्लीप ॲप्नियात झोपेत घशाचा मार्ग मिटतो आणि श्वास मध्येमध्ये थांबतो. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये पाच रुग्णांवरचा अनुभव मांडला: नाकावाटे थोड्या दाबाची हवा सतत देत राहिलं तर तो मार्ग उघडा राहतो. हेच सीपॅप. पण रात्रभर दाबाची हवा घेतली की नाक-घसा कोरडा पडतो. म्हणून यंत्राला पाण्याची डबी जोडतात. डबीखाली गरम होणारी चकती असते, पाणी कोमट होतं, हवा पाण्याच्या पृष्ठभागावरून जाते आणि वाफ घेऊन नळीतून मास्ककडे येते. ‘हवा पाण्यावरून जाते’ हे शब्द लक्षात ठेवा. पुढचा सगळा वाद त्यांच्यावरच आहे.

आता त्या वाक्याला एकच प्रश्न विचारा: डिस्टिल्ड नाही वापरलं तर नेमकं काय होईल? उत्तरं तीन येतात. डबी खराब होईल. पाण्यातले क्षार फुप्फुसात जातील. जंतुसंसर्ग होईल. एक यंत्राबद्दल, दुसरं रसायनाबद्दल, तिसरं जीवाणूंबद्दल. तिघांचे पुरावे वेगळे, तिघांची ताकदही वेगळी. वाक्य मात्र एकच, त्यामुळे सगळ्यात भक्कम दाव्याचं वजन बाकीच्या दोघांना फुकटात मिळतं.

पहिला दावा: डबी खराब होते

हा भक्कम आहे, आणि तपासायला प्रयोगशाळाही लागत नाही. साधा हिशोब करू. पाण्याचा टीडीएस लिटरमागे ३०० मिलिग्रॅम धरा. रात्रीत ३०० मिलिलिटर पाणी उडालं तर मागे ९० मिलिग्रॅम क्षार राहतात. तीस रात्रींत २.७ ग्रॅम, म्हणजे मिठाच्या हिशोबात जवळपास अर्धा चमचा. आरओचं ५० टीडीएसचं पाणी असेल तर तेच १५ मिलिग्रॅम आणि महिन्याला अर्ध्या ग्रॅमहूनही कमी.

पण हिशोब मांडताना गृहीतकं उघडी ठेवायची. इथे दोन आहेत. एक, मी सगळं पाणी उडालं असं धरलंय. सकाळी उरलेलं पाणी ओतून डबी विसळली तर त्यासोबत बरेच क्षार निघून जातात. दोन, टीडीएस म्हणजे जडपणा नव्हे. पांढरा थर मुख्यतः कॅल्शियम-मॅग्नेशियमचा असतो, सोडियमचे क्षार पाण्याने धुतले जातात. भारतीय मानक आयएस १०५०० मध्येसुद्धा (२०१२ ची आवृत्ती) या दोन गोष्टी वेगळ्या मोजल्या आहेत: टीडीएसची स्वीकारार्ह मर्यादा लिटरमागे ५०० मिलिग्रॅम, एकूण जडपणाची २००, दुसरा स्रोतच नसेल तर अनुक्रमे २००० आणि ६०० पर्यंत मुभा. म्हणजे पिण्याला चालणारं बोअरचं पाणी डबीची पार वाट लावू शकतं. गीझरची कॉइल ज्यांनी बघितलीय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

या दाव्यापुरतं वाक्य बरोबर. फक्त निष्कर्ष ‘कमी क्षारांचं पाणी वापरा’ एवढाच निघतो. ‘फक्त डिस्टिल्ड’ निघत नाही.

दुसरा दावा: क्षार फुप्फुसात जातात

इथे थांबा. पाण्याची वाफ होते तेव्हा क्षार मागेच राहतात. डबीत थर साचतो तो म्हणूनच. जो क्षार डबीत साचलाय तोच फुप्फुसातही गेलाय, असं दोन्ही कसं होईल? घरी करून बघा: मिठाचं पाणी मंद आचेवर, उकळू न देता, झाकण ठेवून तापवा. झाकणाला धरलेले थेंब चाखा. खारट लागणार नाहीत.

मग ही भीती आली कुठून? ती शेजारच्या यंत्राकडून आली आहे. खोलीत ठेवायचे अल्ट्रासोनिक ह्युमिडिफायर पाण्याची वाफ करत नाहीत. ते कंपनांनी पाण्याचे बारीक तुषार उडवतात. तुषार म्हणजे पाणीच, त्यातल्या क्षारांसकट. हवेत पाणी सुकतं आणि क्षारांची धूळ उरते, फर्निचरवर पांढरी भुकटी बसते. अमेरिकेची पर्यावरण संस्था ईपीए घरगुती ह्युमिडिफायरबद्दल सावध करते तेव्हा तिचा मुख्य रोख अशा तुषार उडवणाऱ्या प्रकारांवर असतो. सल्ला योग्यच आहे, पण त्या यंत्रासाठी. ‘ह्युमिडिफायर’ हा एकच शब्द दोन्हीकडे असल्यामुळे पुरावा गुपचूप एका घरातून दुसऱ्या घरात राहायला गेला.

तुमच्या विषयातही हे होणार आहे. उंदरांवरचा निष्कर्ष माणसांवर, शहरातल्या शाळांचा निष्कर्ष आश्रमशाळांवर. पुरावा हलवायला मनाई नाही. पण ज्या यंत्रणेमुळे तो परिणाम झाला ती यंत्रणा नव्या ठिकाणी आहे का, हे आधी दाखवावं लागतं.

तिसरा दावा: जंतुसंसर्ग

हा सगळ्यात गंभीर दावा, आणि घोटाळाही इथेच सगळ्यात मोठा आहे. उदाहरणं दिली जातात ती भयंकर आणि खरी आहेत. २०११ मध्ये अमेरिकेत लुईझियाना राज्यात दोन माणसं नेग्लेरिया फाउलेरी या अमिबाने दगावली. दोघांनीही नळाच्या पाण्याने जलनेतीसारखं नाक धुतलं होतं. सायप्रसमध्ये २००८ च्या डिसेंबरात एका खासगी रुग्णालयातल्या नऊ नवजात बाळांना लेजिओनेलाचा संसर्ग झाला आणि तीन बाळं गेली. तिथे ह्युमिडिफायरच होता. पण कोणता? थंड तुषार सोडणारा, अल्ट्रासोनिक. पहिल्या घटनेत पाणी थेट नाकात ओतलं होतं, दुसरीत तुषारांमधून गेलं. सीपॅपच्या डबीत हवा पाण्यावरून जाते.

पण त्याहून मोठी अडचण पुढे आहे. समजा जंतूंची भीती पूर्ण खरी आहे. मग डिस्टिल्ड पाणी हा त्यावरचा उपाय आहे का? ‘डिस्टिल्ड’ हा शब्द क्षारांबद्दल हमी देतो, जंतूंबद्दल नाही. ऊर्ध्वपातनात जंतू मरतात हे खरं, पण नंतर कॅनमध्ये भरताना, झाकण उघडल्यावर, कपाटात महिनाभर पडल्यावर काय? १९७१ मध्ये ‘सायन्स’मध्ये फॅवेरो आणि सहकाऱ्यांचा पेपर आला. रुग्णालयातल्या तुषार-उपचार यंत्रांच्या टाक्यांमधून मिळवलेले स्यूडोमोनास एरुजिनोसा हे जीवाणू निव्वळ डिस्टिल्ड पाण्यात वेगाने वाढतात, आणि दर मिलिलिटरला लाखोंच्या संख्येत पोचतात, असं त्यांनी दाखवलं. पाण्यात अन्न नाही म्हणून जंतू वाढणार नाहीत, हा तर्क तिथेच संपला. अमेरिकेच्या सीडीसीने रुग्णालयांतला न्यूमोनिया टाळण्यासाठी २००३ मध्ये दिलेल्या सूचनांतही नेब्युलायझरसारख्या उपकरणांसाठी निर्जंतुक पाणी सांगितलंय. नुसतं डिस्टिल्ड, निर्जंतुक न केलेलं पाणी चालणार नाही हेही स्पष्ट केलंय.

म्हणजे ज्या भीतीपोटी आपण डिस्टिल्ड आणतो, त्या भीतीवर डिस्टिल्ड हा उपायच नाही. शिवाय डबीतलं पाणी नुसतं कोमट असतं. त्या तापमानाला जंतू मरत नाहीत, उलट लेजिओनेलाला साधारण २५ ते ४५ अंश सेल्सियस मानवतं. इथे पाण्याच्या प्रकारापेक्षा जास्त फरक पडतो तो रोज सकाळी डबी रिकामी करून, धुऊन, कोरडी ठेवण्याने. आणि नेमकं हेच ‘फक्त डिस्टिल्डच’ या वाक्यात नाही. महागाचं पाणी घातलं म्हणून आठवडाभर तेच पाणी डबीत ठेवणारा माणूस स्वतःला सुरक्षित समजतो.

आता उलट बाजूलाही तेच माप

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटत असेल, चला, नळाचं पाणी बिनधास्त चालतं. नाही. तो निष्कर्षही तितकाच घाईचा आहे.

‘वाफेतून काही जात नाही’ हा तर्क यंत्र जसं चालायला हवं तसं चालत असेल तोवरच खरा. खोली गार असली की नळीत वाफेचं पाणी होऊन साचतं, मास्कमध्ये थेंब येतात. हे पाणी क्षारमुक्त असलं तरी नळी अस्वच्छ असेल तर जंतूंना ओलावा मिळतोच. पाण्याने भरलेलं यंत्र उचललं, उशाशी उंचावर ठेवलं, कलंडलं, तर डबीतलं पाणी सरळ नळीत शिरतं. तेव्हा हवा पाण्यावरून जात नाही, पाणीच नाकाकडे येतं. अशा प्रसंगासाठी वाफेचा सिद्धांत काही कामाचा नाही.

‘इतके लोक वापरतात, कुणाला काही झालं का?’ हा दुसरा आवडता युक्तिवाद. सीपॅप वापरणाऱ्याला न्यूमोनिया झाला तर त्याच्या डबीतल्या पाण्याची तपासणी कोण करतं? शोधलंच नाही ते सापडणार कसं? नोंद नसणं आणि घटना नसणं यातला फरक तुमच्या मेथडॉलॉजीच्या पेपरात दोन मार्कांना येतो. खऱ्या आयुष्यात त्याचं मोल जास्त आहे.

आणि ‘रुग्ण’ हा शब्दही एकसंध नाही. ज्याची प्रतिकारशक्ती औषधांमुळे किंवा आजारामुळे कमी झालीय, त्याचा धोका वेगळा. ज्याच्या गळ्यात श्वासनलिकेला छिद्र करून नळी बसवलीय, त्याची हवा नाकाच्या गाळणीला वळसा घालून थेट आत जाते. त्यांना निर्जंतुक पाण्याबद्दल डॉक्टर जे सांगतील तेच अंतिम.

एवढा कीस कशासाठी?

कारण वाक्याची किंमत कुणीतरी मोजत असतं. तालुक्याच्या गावात औषधाच्या दुकानात डिस्टिल्ड पाणी नेहमी मिळतंच असं नाही. ‘फक्त डिस्टिल्डच’ असं बजावलेल्या माणसापुढे मग दोन वाटा उरतात. एक, ह्युमिडिफायर बंद ठेवायचा. नाक कोरडं पडतं, रात्री मास्क काढून ठेवला जातो, आणि ज्या आजारासाठी यंत्र घेतलं तो आहे तिथेच राहतो. दोन, गॅरेजमधून बॅटरीचं पाणी आणायचं, कारण कॅनवर तोच शब्द आहे. ते पाणी बरेचदा आयन-विनिमयाने क्षार काढलेलं असतं. बॅटरीसाठी ठीक, पण त्यात जंतू आहेत का, कॅन कसा होता, हे कुणी माणसाच्या श्वासासाठी तपासलेलं नसतं. वाक्य पाळलं गेलं, हेतू हरवला.

मी हे वाक्य असं लिहीन: डबी रोज रिकामी करा, धुवा, वाळवा, रोज ताजं पाणी भरा, क्षार जितके कमी तितकी डबी टिकेल, म्हणून डिस्टिल्ड मिळालं तर उत्तम, एखाद्या रात्री नाहीच मिळालं तर आरओचं पाणी उकळून, गार करून वापरायला हरकत आहे का हे आपल्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा, पाणी भरलेलं यंत्र हलवू नका. लांबलंय, मान्य. पण यातल्या प्रत्येक तुकड्याला स्वतःचं कारण आहे, आणि एक तुकडा पाळता आला नाही म्हणून बाकीचे सोडावे लागत नाहीत.

आता तुमचं काम. तुमच्या सिनॉप्सिसमधलं एक असं वाक्य काढा जे तुम्ही संदर्भ देऊन निर्धास्तपणे टाकलंय. त्याखाली चार ओळी लिहा. यात किती दावे आहेत? प्रत्येकाचा पुरावा कुठल्या ‘यंत्रा’वरून आलाय? सुचवलेला उपाय सांगितलेल्या धोक्यावरच चालतो का? आणि हे वाक्य न पाळता येणाऱ्या माणसाचं काय होतं? दुसऱ्या ओळीवर अडलात तर मूळ पेपर काढून त्याचा पद्धतीचा भाग वाचा. गोषवारा नको.