टाचणवहीतलं विज्ञान

आपल्या अंकांतून समीक्षा येते ती कवितेची, आत्मकथनाची. मास्तर जिथं तयार होतात त्या कारखान्याची समीक्षा कुणी करत नाही. आपल्या पोराबाळांच्या डोक्यात काय जाणार हे मात्र तिथंच ठरतं. म्हणून या खेपेला मी पुस्तक घेतलेलं नाही, एक वही घेतली आहे. बारावीनंतर दोन वर्षं डी.एड. करतात, कागदावर आता त्याला डी.एल.एड. म्हणतात, तिथल्या एका मुलीची ही पाठ टाचणाची वही. मुलगी आमच्या वस्तीतली. कॉलेजचं नाव सांगत नाही. रोग एकट्या त्या कॉलेजचा असेल असं मला वाटत नाही.

साचा जुनाच. प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, संकलन, उपयोजन. हर्बार्ट नावाचा जर्मन विचारवंत १८४१ साली मेला. त्याच्या शिष्यांनी पाठाच्या पाच पायऱ्या बसवल्या आणि आपल्याकडं त्याची 'हर्बार्टची पंचपदी' झाली. नावच बघा, भजनाला बसल्यासारखं! पानावर रकाने आखलेले: शिक्षक कृती, विद्यार्थी कृती, फलकलेखन. इयत्ता चौथी, विषय पाण्यात काय विरघळतं. शिक्षकाच्या रकान्यात प्रश्न, 'साखरेचे काय झाले?' शेजारी विद्यार्थ्याच्या रकान्यात उत्तर, 'साखर पाण्यात विरघळली.' ही वही आदल्या रात्री लिहिलेली. म्हणजे पोरानं तोंड उघडायच्या आधीच त्याचं उत्तर लिहून झालं, तपासून झालं, त्यावर सही पण झाली.

प्रत्यक्ष वर्गात काय झालं ते तिनंच मला सांगितलं. पाणी गार, साखर जास्त पडलेली, ढवळलं घाईत. पुढच्या ओळीतलं एक पोरगं म्हणालं, "न्हाई बाई, खाली बसलीया." पाठ बघणारे सर मागं गुणांचा तक्ता घेऊन बसलेले. ही घाबरली. म्हणाली, "विरघळली म्हण." सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, विरघळली. संकलन संपलं.

पोरगं बरोबर होतं. डोळ्यांनी दिसलं ते त्यानं सांगितलं. तिथून पाठ कुठल्या कुठं गेला असता. किती चमचे घातले तर खाली बसते? गरम पाण्यात तेवढीच साखर घातली तर? न ढवळता नुसती ठेवली तर? हे सगळं त्या पेल्यात होतं आणि टाचणात त्याला जागा नव्हती. मुलीला मी दोष देत नाही. तिला कुणी ते करून दाखवलं नाही, तिच्याकडून करून घेतलं नाही. दोन वर्षांत स्वतःच्या हातानं किती प्रयोग केलेस म्हणून विचारलं तर ती हसली.

पोथीत लिहिलंय म्हणून खरं, या न्यायानं आपल्या बापजाद्यांना गावकुसाबाहेर ठेवलं. तोच न्याय इथं प्रयोगाच्या टेबलावर चढून बसलाय आणि आपण त्याला विज्ञान म्हणतो. आपले वक्तेही कमी नाहीत. वैज्ञानिक दृष्टिकोन म्हणजे बाबासाहेबांच्या घटनेतलं कलम, असं ठोकून देतात. ते कलम ५१ क १९७६ साली ४२व्या दुरुस्तीनं आलं. तारीख तपासणं हाही वैज्ञानिक दृष्टिकोनच.

आणखी एक गोष्ट. पेला पूर्ण तासभर बाईंच्याच हातात. चाळीस पोरं लांबून बघतायत. एल्फिन्स्टन हायस्कूलात भीमरावाला गणित सोडवायला फळ्याकडं बोलावलं तेव्हा फळ्यामागचे डबे उचलायला बाकीची पोरं धावली, असं धनंजय कीरांनी चरित्रात लिहिलंय. आपल्यासाठी शिवायचा प्रश्न हाच पहिला प्रश्न आहे. पाणी कोण ओतणार, पेला कुणाच्या हातात जाणार, चव कोण घेणार, याचा रकाना वहीत नाही. रकाना नसला की हुशार म्हणून ठरलेलं, पुढं बसवलेलं पोरगंच टेबलाजवळ जातं.

दुसरी वाट नव्हती असं कुणी म्हणू नये. १९७२ साली मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात, आता नर्मदापुरम म्हणतात, किशोर भारती आणि रसूलियाच्या फ्रेंड्स रूरल सेंटरनं १६ शाळांत विज्ञानाचं काम सुरू केलं. पुढं ते एकलव्य संस्थेनं चालवलं. तिथल्या शिबिरात मास्तर स्वतः पोर होऊन बसायचे. प्रत्येक प्रयोग हातानं करायचे, फसला तर का फसला यावर भांडायचे, दिल्ली विद्यापीठातून आलेल्या शास्त्रज्ञांशीही. 'बाल वैज्ञानिक' या पुस्तकात प्रयोग होते, प्रश्न होते, तयार उत्तरं नव्हती. चार-चार पोरांच्या टोळ्या, प्रत्येक टोळीपुढं सामान. परीक्षेला पुस्तक उघडं ठेवायची मुभा. २००२ साली तिथल्या सरकारनं ते बंद केलं. प्रश्न विचारणारी पोरं कुठल्या सरकारला झेपतात म्हणा! पण तक्रार माझीही आहे. ते सहावी ते आठवीसाठी होतं आणि नोकरीत असलेल्या मास्तरांसाठी. डी.एड.च्या कोवळ्या पोरापोरींना आणि चौथीच्या वर्गाला तेच आधी हवं.

भाषेचं तर विचारूच नका. मी सूतगिरणीत रिंग खात्यात आहे. हवा कोरडी पडली की धागा जास्त तुटतो, म्हणून खात्यात पाण्याचा बारीक फवारा चालू ठेवतात. दमट हवेत सूत टिकतं, हे शाळेचं तोंड न बघितलेला कामगार सांगतो. त्याच वहीत पुढचा पाठ हवेतल्या बाष्पाचा: व्याख्या, दोनदा वाचन, फलकलेखन. त्या पोरांच्या आया-बापांना जे रोज अंगावर कळतं ते अशा मराठीत की पोराला ते आपल्या घरातलं आहे हे कळूच नये. १९८०च्या दशकात होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या व्ही. जी. कुलकर्णी आणि सुधाकर आगरकर यांनी मुंबई महापालिकेच्या शाळांतल्या अनुसूचित जातींच्या मुलांबरोबर काम केलं. पाठ्यपुस्तकाची भाषाच अडसर होते, यावर त्या केंद्राचा भर होता. पोरांची अक्कल कमी म्हणणाऱ्यांच्या तोंडावर हे काम मारायला हवं. डी.एड.च्या वहीत त्याचा मागमूस नाही.

जोतीरावांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढं मागितलं होतं की प्राथमिक मास्तर कष्टकऱ्यांच्या जातींतून तयार करा, वेळ पडली तर नांगर धरायची ज्याला लाज वाटणार नाही असा. आज आपली पोरंपोरी मास्तर होतायत. मग हातात तीच पंचपदी घेऊन वर्गात जायचं?

तुमच्यात डी.एड. करणारे असतील त्यांनी एक करावं. विद्यार्थी कृतीचा रकाना कोरा ठेवून पाठ घ्यावा, पोरं बोलतील ते नंतर त्यात लिहावं, शब्द न बदलता. गुण कापले तर किती आणि कशासाठी कापले ते इथं कळवा, पुढच्या अंकात छापू. आणि वस्तीतल्या अभ्यासिकेत आपण तरी दुसरं काय करतो? पाढे आणि पाठांतर. येत्या रविवारी दहा पेले, साखर, मीठ, रेती, हळद आणि एक स्टोव्ह एवढं जमवा. सकाळची पाळी नसेल तर मीही येतो.