चित्रात नाही ते

मंडळी, माधुरी पुरंदरे यांचं ‘चित्रवाचन’ घेऊ. इथे चित्र हाच मजकूर. पण बारामती-इंदापूरच्या वर्गात आपण ते उघडतो आणि विचारतो, ‘चित्रात काय काय दिसतं?’ मुलं सांगतात: झाड, बाई, कुत्रा. ही यादी झाली, गोष्ट नव्हे. ‘कुत्रा कुणाची वाट बघतोय?’ असं विचारलं की गोष्ट सुरू होते.

न्यायदर्शनात धुरावरून आगीचं अनुमान करतात. तिथं उत्तर एकच. गोष्टीत मात्र दहा मुलांची दहा उत्तरं बरोबर असतात. आपल्या शिक्षकी सवयीला हेच जड जातं.

पुस्तकाची मर्यादाही सांगायला हवी. भिगवणचे रोहित पक्षी, उजनीचं पाणी, ऊसतोड कामगाराची कोपी, हे सगळं कुठल्या एका पुस्तकात मावणार? तोडणीवर आलेल्या मुलाला आपलं पान स्वतःच काढावं लागतं. म्हणून पुस्तक मिटलं की कोरा कागद द्यावा. त्यानं ‘कोपीतला दिवा इझला’ असं लिहिलं, तर ‘विझला’ करण्याआधी विचारू या, ‘मग काय झालं रे?’ तात्पर्य तर मागूच नये. लाल शाई आधी आली, तर ते मूल दुसरं वाक्य लिहीत नाही.