पेव, कणगी आणि गोदाम : एक समीक्षात्मक टिपण

बुलडाणा जिल्ह्यासह वऱ्हाडातील पेव, कणगी यांकडे बहुधा लोकसंस्कृतीचे अवशेष म्हणून पाहिले जाते. ही दृष्टी अपुरी आहे. बंदिस्त पेवात प्राणवायू घटून किडींची वाढ खुंटते व ज्वारी टिकते, हे खरे. तथापि साठवण म्हणजे केवळ तंत्र नव्हे, तर भावासाठी थांबण्याची ताकद होय. कॅनडातील सस्कॅचेवान प्रांताच्या गहू उत्पादकांनी हे ओळखून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सहकारी धान्यकोठारे उभारली. महाराष्ट्रात १९५७ साली राज्य वखार महामंडळ स्थापन झाले. २००७ च्या केंद्रीय कायद्याने गोदाम-पावतीला हस्तांतरणीयता दिली. परंतु कर्जफेडीसाठी सुगीतच सोयाबीन विकावे लागणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती ही पावती येते काय? पेवाच्या इतिहासाची मांडणी या प्रश्नापासून व्हावयास हवी.