साक्षरतेचे बिनपगारी मास्तर

१८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे मांडलेले निवेदन मी शिक्षकभरतीचा दस्तऐवज म्हणून वाचतो. खेड्यातला मास्तर शक्यतो शेतकरी वर्गातला असावा, प्रसंगी नांगराचे रुमणे किंवा सुताराचा वाकस हाती धरायला त्याने लाजू नये, आणि त्याचा पगार महिना १२ रुपयांहून कमी नसावा, असे ते मागतात. विषय प्राथमिक शाळांचा आहे, प्रौढांच्या वर्गांचा नव्हे. तरी आपल्यातला मास्तर आणि पोटापुरता पगार या मागण्या त्यांनी एका दमात केल्या. पुढच्या साक्षरता कार्यक्रमांनी पहिली उचलली, दुसरी हळूहळू सोडली.

२ ऑक्टोबर १९७८ला सुरू झालेल्या राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रमात वर्ग चालवणाऱ्याला महिना ५० रुपये मानधन होते. (शब्दातही मान आधी, धन नंतर.) संपूर्ण साक्षरता अभियानांत तेही गेले. फेब्रुवारी १९९०मध्ये एर्नाकुलम जिल्हा पूर्ण साक्षर जाहीर झाला तो हजारो बिनपगारी स्वयंसेवकांच्या बळावर, आणि देशाला नमुना मिळाला. मला मात्र त्या यशाची मुदत महत्त्वाची वाटते. मोहीम जेमतेम वर्षभराची होती. तिच्यामागे १९६२पासून काम करणाऱ्या केरळ शास्त्र साहित्य परिषदेची फळी होती. वर्षभराच्या संध्याकाळी माणूस उत्साहाने देतो. कायमची योजना त्यावर चालवता येत नाही. नमुना उचलताना स्वयंसेवक तेवढा उचलला गेला, फळी तिथेच राहिली.

२००९च्या ‘साक्षर भारत’मध्ये लोकशिक्षण केंद्रावरच्या प्रेरकाला महिना २००० रुपये मिळत, प्रत्यक्ष अक्षरे गिरवून घेणारा तेव्हाही फुकटच. २०१८च्या मार्चअखेर योजना संपली, प्रेरकही घरी गेले.

आताचा ‘उल्लास’ म्हणजे २०२२ ते २०२७चा नवभारत साक्षरता कार्यक्रम. तो स्वयंसेवा आणि ‘कर्तव्यबोध’ यांवरच उभा आहे. तरतूद १०३७.९० कोटी रुपये, उद्दिष्ट ५ कोटी निरक्षर. भागाकार केला तर माणशी सुमारे २०८ रुपये पडतात. एवढ्यात साहित्य, प्रशिक्षण, परीक्षा सगळे बसवायचे, तर शिकवणाऱ्याच्या हातावर काय ठेवणार? २०२३मध्ये महाराष्ट्रातल्या शिक्षक संघटनांनी निरक्षरांच्या सर्वेक्षणावर अशैक्षणिक काम म्हणून बहिष्कार टाकला. मला त्यात आडमुठेपणा दिसत नाही. एकाच्या पगारात दोन नोकऱ्या करून घेण्याला त्यांनी नकार दिला.

फुल्यांच्या पहिल्या अटीत बसणारे माणूस आजही गावात असते. शेतमजुराच्या घरातली बारावी झालेली मुलगी, म्हणा. दिवसभर कांदे काढून आलेल्या तिला संध्याकाळी वर्ग घ्यायला सांगितले जाते, तेव्हा त्या १२ रुपयांचे नाव कोणी काढत नाही.