गणिताच्या तासाची नियमावली : एक चिकित्सक वाचन
(नंदुरबार जिल्ह्यातील माध्यमिक शाळांच्या संदर्भात)

साहित्यकृतीची समीक्षा करावी, पाठ्यपुस्तकाची करावी, हे आपल्याकडे रूढ आहे. वर्गाच्या भिंतीवर लावलेल्या किंवा गणिताच्या वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घेतलेल्या नियमांकडे मात्र संहिता म्हणून कोणी पाहिलेले नाही. वास्तविक नववी-दहावीचा विद्यार्थी वर्षभरात सर्वाधिक वेळा ज्याच्यासमोर बसतो, असा हाच मजकूर आहे. शांतता राखावी. विचारल्याशिवाय बोलू नये. वही नीटनेटकी ठेवावी. सर्व पायऱ्या लिहाव्यात. गृहपाठ वेळेवर पूर्ण करावा व त्यावर पालकांची स्वाक्षरी आणावी. तासाला नियमित उपस्थित राहावे. राज्यातील कोणत्याही माध्यमिक शिक्षकाला ही वाक्ये अनोळखी वाटणार नाहीत. त्यांचा हेतूही चांगलाच असतो. प्रस्तुत लेखात या नियमावलीचे वाचन नंदुरबार जिल्ह्याच्या पार्श्वभूमीवर करावयाचे आहे, कारण ही वाक्ये ज्या विद्यार्थ्याला गृहीत धरून लिहिलेली आहेत, तो येथील वर्गात क्वचितच बसलेला असतो.

1 जुलै 1998 रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन हा जिल्हा अस्तित्वात आला. 2011 च्या जनगणनेनुसार येथील लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण 69 टक्क्यांहून अधिक आहे, आणि साक्षरता सुमारे 64 टक्के आहे. त्याच वेळी राज्याची साक्षरता 82 टक्क्यांवर होती. अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांच्या सातपुड्यातील पाड्यांवर भिली व पावरी, नवापूरकडे मावची, सपाटीवर अहिराणी आणि गुजर बोली अशी घरची भाषा बदलत जाते. गणिताचा तास मात्र प्रमाण मराठीत होतो.

प्रथम या वाक्यांचे व्याकरण पाहावे. क्रियापदे बहुतेक विध्यर्थी आहेत आणि कर्ता अध्याहृत आहे. तो विद्यार्थी आहे हे सांगावे लागत नाही. संपूर्ण नियमावलीत शिक्षकावर बंधनकारक असे एकही वाक्य नसते. चुकीचे उत्तर आले तर ते का चुकले याचा विचार वर्गात होईल, किंवा विद्यार्थ्याने वेगळी रीत सुचविल्यास ती फळ्यावर तपासली जाईल, अशी हमी कोठेही आढळत नाही. जिला आपण अपेक्षांची यादी म्हणतो ती अशी एकतर्फी असते.

गृहपाठाच्या नियमाचे उदाहरण घ्यावे. आश्रमशाळेत निवासी असलेल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत ‘गृहपाठ’ या शब्दातील गृह कोणते, हा प्रश्न केवळ शाब्दिक कोटीचा नाही. घर, टेबल, दिवा आणि शेजारी बसणारा शिकलेला पालक असे चित्र या शब्दामागे आहे. पालकांच्या स्वाक्षरीचा नियम तर शाळेपासून दूर पाड्यावर राहणाऱ्या, प्रसंगी अंगठा उठविणाऱ्या पालकाला उद्देशून लिहिलेलाच नाही. उपस्थितीच्या नियमाची अडचण याहून कठीण आहे. दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी अनेक कुटुंबे गुजरातेत जातात. त्यांच्यासोबत गेलेली मुले परततात तेव्हा वर्गातील बीजगणित बरेच पुढे गेलेले असते. गणित हा मागच्या धड्यावर पुढचा धडा उभा राहणारा विषय असल्याने इतिहासातील गैरहजेरी आणि गणितातील गैरहजेरी यांची किंमत सारखी नसते. नियमावली मात्र दोहोंना एकाच मापाने मोजते.

परंतु या सर्वांपेक्षा अधिक विचार करण्याजोगा नियम शांततेचा आहे. भूमितीच्या तासाला फळ्यावर ‘पक्ष’, ‘साध्य’, ‘रचना’, ‘सिद्धता’ हे शब्द येतात. त्यांपैकी पहिले दोन भारतीय न्यायशास्त्राच्या परंपरेतून आलेले असून तेथे ते अनुमानाच्या संदर्भात काटेकोर अर्थाने वापरले जातात. प्रमाण मराठी घरातील मुलालाही ते परकेच वाटतात. पक्ष म्हटले की त्याला निवडणूक आठवते. पावरी बोलणाऱ्या मुलीला तर आधी मराठी वाक्य, मग त्यातील हा संस्कृत शब्द आणि त्यानंतर भूमिती असे तीन उंबरठे ओलांडावे लागतात. अशा वेळी ती शेजारणीला हळूच विचारते आणि शेजारीण आपल्या बोलीत दोन वाक्यांत समजावून देते. त्या तासात घडलेले खरे अध्यापन कदाचित तेवढेच असते. नियमावलीच्या भाषेत त्याचे नाव ‘गप्पा’.

येथे लिखित नियमांकडून अलिखित नियमांकडे वळावे लागते. एर्ना याकेल आणि पॉल कॉब यांनी 1996 मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात वर्गातील सामान्य सामाजिक संकेत आणि खास गणिताचे असे संकेत यांत भेद केला. हात वर करून बोलणे हा पहिल्या प्रकारचा संकेत. ‘वेगळी रीत’ कशाला म्हणावे, पुरेसे कारण कोणते, हे ठरविणारा दुसऱ्या प्रकारचा. आपल्या नियमावल्या जवळजवळ संपूर्णपणे पहिल्या प्रकारात मोडतात. दुसऱ्या प्रकारचे संकेत मुले न सांगता शिकतात, आणि ते कोणते असतात याचा एक बोलका पुरावा फ्रान्समधील ग्रनोब्ल येथील प्रयोगातून मिळाला. एका जहाजावर 26 मेंढ्या व 10 शेळ्या आहेत, तर कप्तानाचे वय किती, असे प्राथमिक शाळेतील 97 मुलांना विचारण्यात आले. त्यांपैकी 76 जणांनी दिलेल्या संख्यांवरूनच वय काढून दिले. ही मुले मूर्ख नव्हती. गणितात विचारलेल्या प्रश्नाला उत्तर असतेच आणि ते दिलेल्या संख्यांतूनच काढायचे असते, हा अलिखित नियम त्यांनी प्रामाणिकपणे पाळला होता.

आता हेच नंदुरबारला आणून पाहू. शहराभोवतीच्या पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत घातलेली आपण सर्वांनी पाहिली आहे. समजा, 100 किलो ओल्या मिरचीत 80 टक्के पाणी आहे आणि वाळल्यावर तिच्यात 10 टक्के पाणी उरते. तर वाळलेली मिरची किती भरेल? 80 मधून 10 वजा करून 70 किलो पाणी गेले व 30 किलो मिरची उरली, असे उत्तर वर्गातून हमखास येते. वास्तविक पाण्याखेरीजचा 20 किलो भाग तसाच राहतो आणि तो वाळलेल्या वजनाच्या 90 टक्के असतो; म्हणून उत्तर सुमारे 22.2 किलो येते. ज्या मुलाची आई पथारीवर मजुरीला जाते, त्याला 30 हा आकडा ऐकताच ‘एवढी भरणार नाही’ असे वाटण्याची शक्यता आहे. उत्तराची वाजवीपणाशी ताडणी करणे हे गणिती विचाराचे महत्त्वाचे अंग आहे. प्रश्न असा की, ‘विचारल्याशिवाय बोलू नये’ या वाक्याखाली बसलेला हा मुलगा ते बोलेल काय? आणि बोललाच, तर त्याचे वाक्य गणित म्हणून ऐकले जाईल की अनुभवाची गोष्ट म्हणून बाजूला सारले जाईल?

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. आदिवासी जीवनात गणित भरलेले आहे, तेव्हा बाजारातूनच सारे शिकता येईल, असा एक भाबडा सूर अलीकडे चर्चासत्रांतून ऐकू येतो. तो प्रस्तुत लेखकाला मान्य नाही. धडगावच्या आमचुराच्या वजनकाट्यावर गुणोत्तर सापडेल, वर्गसमीकरणाचे सूत्र सापडणार नाही. तेथे औपचारिक भाषा, पायऱ्यांची शिस्त आणि चिन्हांचा काटेकोरपणा शिकवावाच लागेल. ‘सर्व पायऱ्या लिहाव्यात’ हा नियम म्हणूनच या यादीतील सर्वांत सकस नियम आहे. त्यामागे प्रत्येक विधानाला कारण हवे, ही गणिताची मूळ मागणी आहे. दुर्दैवाने तो शिकविला जातो तो पायरीगणिक गुण मिळतात म्हणून. तसेच साठ-साठ विद्यार्थ्यांच्या वर्गात शिक्षकाला शांतता लागते, हेही नाकारता येत नाही. पहिल्या पिढीचे शिकणारे पालक स्वतःच कडक शिस्तीच्या शाळेचा आग्रह धरतात आणि त्यांचा तो आग्रह अज्ञानातून आलेला आहे असे मानणे उद्धटपणाचे होईल.

राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा 2005 च्या निमित्ताने आर. रामानुजम यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने गणिताविषयीची भीती व अपयशाची भावना ही मुख्य समस्यांमध्ये गणली होती. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली, आणि कलम 29 मध्ये बालकाला भयमुक्त करून मोकळेपणाने मत मांडण्यास साहाय्य करण्याचा उल्लेख आहे. परंतु या कायद्याची कक्षा 6 ते 14 वयोगट व आठवीपर्यंतच आहे. म्हणजे गणित जेथे खऱ्या अर्थाने अमूर्त होते आणि नापासाचा शिक्का जेथे जवळ येतो, त्या नववीच्या दारात हे संरक्षण थांबते.

वर्गात कोणती भाषा गणिताची मानावी, हा वाद आपल्याकडे एकदा जाहीरपणे झाला होता. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’ सोबत ‘वीस एक’ अशी वाचनाची रीत आली, तेव्हा विधिमंडळापर्यंत थट्टा झाली. डॉ. मंगला नारळीकर यांनी जुनी नावे काढलेली नसून पर्याय दिला आहे, असे स्पष्ट केले. तरी चर्चा मराठीच्या अस्मितेभोवतीच फिरत राहिली. ‘एकोणसाठ’ ऐकल्यावर साठातून एक वजा करावा लागतो, ही अडचण ज्या मुलांची, त्यांची घरची भाषा त्या चर्चेत फारशी कोणाला आठवली नाही.

2024 च्या राज्य अभ्यासक्रम आराखड्यात गणित व विज्ञानासाठी 35 गुणांची उत्तीर्णतेची मर्यादा 20 पर्यंत आणावी आणि अशा विद्यार्थ्याच्या गुणपत्रिकेवर पुढे या विषयांवर आधारित अभ्यासक्रम घेता येणार नाहीत असा शेरा असावा, अशी सूचना होती. तिचे अनेकांनी विद्यार्थिहिताची म्हणून स्वागत केले. अकरावीचे दार उघडे राहते, एवढ्यापुरते ते खरेही आहे. मात्र नंदुरबारच्या दृष्टीने हा शेरा म्हणजे नियमावलीतील आणखी एक विध्यर्थी वाक्य ठरते, आणि त्याचाही कर्ता पूर्वीसारखाच अध्याहृत आहे. पथारीवरील मिरचीचे उत्तर मनात बरोबर ताडणारा मुलगा 22 गुणांवर थांबला, तर तो कशामुळे थांबला, याचा तपशील त्या शेऱ्यात लिहिण्याची सोय नाही.