सुझन सोन्टॅग : आजाराचे लेखन आणि ‘मी’चा अभाव

अमेरिकन लेखिका सुझन सोन्टॅग यांना १९७५ मध्ये स्तनाच्या कर्करोगाचे निदान झाले. तरीही ‘इलनेस अ‍ॅज मेटाफर’ (१९७८) या त्यांच्या ग्रंथात स्वतःच्या आजाराचा उल्लेखही आढळत नाही. क्षयाभोवतीचे काव्यमय वलय आणि कर्करोगाला चिकटलेला कलंक यांची तुलना करून, अशी रूपके रुग्णालाच अपराधी ठरवतात, हे त्या दाखवून देतात. आणखी एका रुग्णकथेपेक्षा विचार अधिक उपयोगी पडेल, ही आपली भूमिका त्यांनी ‘एड्स अँड इट्स मेटाफर्स’ (१९८९) मध्ये स्पष्ट केली. या संयमामुळे त्यांचे विवेचन वाचकाच्या सहानुभूतीवर विसंबत नाही. मात्र रुग्णदेहाची वेदना अबोल राहते. ऑड्रे लॉर्ड यांच्या ‘द कॅन्सर जर्नल्स’ (१९८०) मध्ये तीच बोलकी होते. म्हणूनच ‘मी’चा अभाव हे सोन्टॅग यांच्या ग्रंथाचे सामर्थ्य आहे, तशीच मर्यादाही.