'हे कशावरून?' : इतिहासतज्ज्ञांच्या गप्पा ऐकताना

विज्ञानाच्या तासाला एखाद्या विद्यार्थ्याने "हे कशावरून?" असे विचारले, तर शिक्षकाला निदान एखादी परीक्षानळी किंवा भिंग पुढे करता येते. इतिहासाच्या तासाला ही सोय नाही. घडून गेलेली गोष्ट पुन्हा घडवून दाखवता येत नाही. मग "पुस्तकात तसे दिले आहे" एवढ्यावर प्रश्न मिटतो. पुस्तक लिहिणाऱ्याला ते कोठून कळले, हे विचारावे तर तो समोर नसतो.

जाणकाराला समोर बसवून प्रश्न विचारत राहायचे, या कल्पनेवर उभी असलेली एक नभोवाणी-मालिका आहे. बीबीसीच्या 'रेडिओ फोर' केंद्रावरील 'इन अवर टाइम' ही ती मालिका. ऑक्टोबर १९९८ मध्ये ती सुरू झाली आणि २०२५ पर्यंत, म्हणजे सुमारे सत्तावीस वर्षे, कादंबरीकार मेल्व्हिन ब्रॅग यांनी तिचे सूत्रसंचालन केले. या काळात तिचे हजाराहून अधिक भाग झाले. विज्ञान, तत्त्वज्ञान, साहित्य हे विषयही तीत येतात, पण जगाच्या इतिहासाचा वाटा मोठा आहे. जुने भाग इंटरनेटवर ऐकता येतात. भाषा इंग्रजी असली, तरी बोलणे संथ व स्वच्छ असल्याने वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना ते जड जाऊ नये. शिक्षकांनी ही मालिका ऐकावी असे आम्हांला वाटते. मात्र ती कशी ऐकावी, याविषयीही काही सांगणे जरूर आहे.

मांडणी आणि तिचा गुण

मांडणी अगदी साधी आहे. एक विषय, बहुधा तीन प्राध्यापक आणि पाऊण तास. पार्श्वसंगीत नाही की लढायांचे आवाज नाहीत. विषय जुलमी राजाचा असो की बुडालेल्या नगराचा, त्याचे नाट्यीकरण केले जात नाही. ब्रॅग ऑक्सफर्डला इतिहास शिकलेले असले, तरी त्या त्या विषयाचे ते तज्ज्ञ नसत. तयारीने आलेला एक सामान्य वाचक, अशीच त्यांची भूमिका असे. पाहुणा भरकटला की ते त्याला अडवत आणि साल, स्थळ, माणसे यांकडे परत आणत. कधीकधी हे अडवणे उद्धटपणाकडेही झुकत असे. पण श्रोत्याच्या बाजूने कोणीतरी बोलत आहे, ही भावना त्यातूनच निर्माण होई.

आमच्या मते मालिकेचा खरा गुण या अडवण्यात आहे. पुस्तकातला इतिहासकार सलग बोलतो. त्याने कोठे उडी मारली ते आपल्याला दिसत नाही. संभाषणात मात्र उडी लपत नाही. "असे मानले जाते" म्हटल्याबरोबर "कोण मानते?" असा प्रश्न येऊ शकतो. उत्तर देणारा क्षणभर थांबतो, शब्द बदलतो, "बहुधा" किंवा "आपल्या हाती एकच साधन आहे" अशी पुस्ती जोडतो. शिक्षकाने विद्यार्थ्याला ऐकवावी ती ही पुस्ती.

एका साथीची परीक्षा

हे एका उदाहरणावर तपासून पाहू. जानेवारी २०२१ मध्ये या मालिकेत 'जस्टिनियनचा प्लेग' या विषयावर एक भाग झाला. सम्राट जस्टिनियनच्या कारकिर्दीत इ. स. ५४१ मध्ये पूर्व रोमन साम्राज्यात प्लेगची साथ आली. इजिप्तमधील पेलुसियम येथे ती प्रथम दिसली आणि पुढील वर्षी राजधानी कॉन्स्टँटिनोपलला, म्हणजे आजच्या इस्तंबूलला पोचली. ही साथ नेमकी किती विध्वंसक होती, हा प्रश्न अजून सुटलेला नाही, असे या भागाच्या परिचयातच म्हटले आहे. हा प्रांजळपणा आम्हांला आवडला. पण प्रश्न का सुटत नाही, हे समजून घ्यायचे तर पुरावे एकेक करून समोर मांडावे लागतात.

पहिला पुरावा लेखी आहे. प्रोकोपियस हा इतिहासकार त्या वेळी राजधानीतच होता. साथ तेथे चार महिने चालली, त्यांपैकी तीन महिने तिचा जोर होता आणि मृतांची संख्या दिवसाला पाच हजार, मग दहा हजार आणि त्याहूनही अधिक झाली, असे तो लिहितो. येथे विद्यार्थ्यांना कागद-पेन्सिल घ्यायला सांगावे. दिवसाला दहा हजार म्हणजे मिनिटाला सुमारे सात. दिवसाला पाच हजार धरले, तरी नव्वद दिवसांत साडेचार लाख होतात. शहराची लोकसंख्या आजच्या अंदाजाप्रमाणे पाच लाखांच्या आसपास होती. म्हणजे शहर जवळजवळ ओसच पडायला हवे होते. तसे ते पडले नाही. तेव्हा हे आकडे फार तर सर्वांत वाईट दिवसांचे असणार, किंवा भेदरलेल्या माणसाचा तो अंदाज असणार. शिवाय आपल्या आधी सुमारे हजार वर्षे थ्युसिडिडीसने अथेन्सच्या साथीचे जे वर्णन केले होते, त्याचा नमुना प्रोकोपियससमोर होता. मग त्याने पाहिले किती आणि वाचलेले किती लिहिले? दुसरा समकालीन लेखक, इफिससचा जॉन, सांगतो की बंदरांवर आणि वेशींवर माणसे नेमून प्रेते मोजली जात होती आणि २ लाख ३० हजारांनंतर मोजणी सोडून देण्यात आली. हा आकडाही तपासावा लागेल, पण तो कसा मिळाला एवढे तरी येथे सांगितलेले आहे. दोन साक्षीदारांतला हा फरक विद्यार्थ्याच्या लक्षात आला, तर निम्मे काम झाले.

दुसरा पुरावा मुका आहे : पपायरसवरील करांच्या नोंदी, शिलालेख, नाणी आणि सरोवरांच्या गाळातील परागकण. शेती ओस पडली असेल, तर पिकांचे परागकण कमी होऊन रानाचे वाढायला हवेत. ली मॉर्डेकाय आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये असे अनेक पुरावे एकत्र तपासले. मोठी पडझड दाखवणारी खूण त्यांना त्यांत आढळली नाही. त्याआधी, २०१७ मध्ये, काइल हार्पर यांनी साम्राज्यातील सुमारे निम्मी माणसे मेली असावीत अशी मांडणी केली होती. पुढे २०२१ मध्ये केंब्रिजचे पीटर सॅरिस यांनी मॉर्डेकाय यांच्या गटाला उत्तर दिले : त्या वर्षांतले जस्टिनियनचे कायदे पहा, कमी वजनाची सोन्याची नाणी पहा, राज्यावर मोठे संकट आल्याशिवाय असे घडत नाही. एकाच साथीबद्दल जाणत्या माणसांची मते 'निम्मी माणसे मेली' येथपासून 'फारसा फरक पडला नाही' येथपर्यंत पसरलेली आहेत.

तिसरा पुरावा प्रयोगशाळेतला आहे. जर्मनीत बव्हेरियातील आशहाइम येथील सहाव्या शतकातल्या सांगाड्यांत प्लेगचा जीवाणू 'येर्सिनिया पेस्टिस' याचा डीएनए सापडला. २०१३-१४ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाल्यावर रोग कोणता, हा वाद जवळपास संपला. २०२५ मध्ये जॉर्डनमधील जेराश येथील सामूहिक दफनातल्या दातांतूनही हाच जीवाणू मिळाल्याचे प्रसिद्ध झाले. पेलुसियमच्या त्यातल्या त्यात जवळच्या प्रदेशातला म्हणून हा पुरावा महत्त्वाचा. वैज्ञानिकांना येथे आपण बाजी मारली असे वाटण्याचा संभव आहे. पण दातातला डीएनए एवढेच सांगतो की या माणसाच्या शरीरात हा जीवाणू होता. शेजारच्या गावात किती मेले, हे तो सांगत नाही. त्यासाठी पुन्हा करांच्या नोंदींकडे, नाण्यांकडे आणि प्रोकोपियसकडेच यावे लागते.

उणिवा

आता मालिकेकडे परत येऊ. वर जे थोडक्यात सांगितले तेवढ्यासाठीसुद्धा बराच वेळ लागतो. पाऊण तासात पार्श्वभूमी, घटना, परिणाम आणि पुढील काळावरचा ठसा असे सारे बसवायचे, तर पुरावा मागे पडतो आणि गोष्ट पुढे येते. बऱ्याच भागांत पहिली पंधरा मिनिटे पार्श्वभूमीतच जातात. 'हे कशावरून?' हा प्रश्न वाट्याला आला तर शेवटी येतो.

दुसरी उणीव सौजन्याची आहे. तिन्ही पाहुणे एकमेकांना पूरक बोलतात. एकमेकांना खोडून काढताना क्वचितच ऐकू येतात. मतभेद असतात, पण "काही अभ्यासकांना वेगळे वाटते" अशा वाक्यात ते गुंडाळले जातात आणि ते 'काही अभ्यासक' खोलीत नसतात. गंमत अशी की प्रक्षेपण संपल्यावरची काही मिनिटे इंटरनेटवरील प्रतीत जोडलेली असतात. काय सांगायचे राहिले, असे पाहुण्यांना तेथे विचारले जाते आणि तेवढ्यात चहा-कॉफीची विचारणा होते. या चहाआधीच्या मोकळ्या बोलण्यात शंका आणि अडचणी पुष्कळदा अधिक मनमोकळेपणाने येतात. आम्ही तर म्हणू की वर्गात एकच तुकडा ऐकवायचा असेल, तर तो हा ऐकवावा.

तिसरी उणीव निवडीची. पाहुणे बहुतेक ब्रिटिश विद्यापीठांतले असतात. लंडनच्या स्टुडिओत येऊन बसायचे तर हे स्वाभाविक आहे. पण त्यामुळे चीन, आफ्रिका किंवा आपला देश यांविषयी बोलताना तेथील भाषांत लिहिणाऱ्या, तेथे उत्खनन करणाऱ्या अभ्यासकांचा आवाज कमी पडतो. जगाचा इतिहास ऐकायचा तर जगातून बोलणारी माणसेही हवीत.

याचे एवढे महत्त्व का?

कोणी म्हणेल, चौदाशे वर्षांपूर्वी किती माणसे मेली यावर एवढा खल कशाला? त्याला उत्तर आहे. २०२०-२१ च्या कोरोना साथीत दोन प्रकारचे श्रोते आपण सर्वांनी पाहिले. नावापुढे पदवी असलेल्या कोणाचेही खरे मानणारा एक, आणि दोन तज्ज्ञांत मतभेद दिसताच "यांना कोणालाच काही कळत नाही" म्हणणारा दुसरा. दोघांचीही अडचण एकच होती. तज्ज्ञाला कसे ऐकावे हे त्यांना शाळेत कोणी शिकवले नव्हते. रोग कोणता हे नक्की आहे, मृतांची संख्या नक्की नाही, आणि दुसरे नक्की नसल्याने पहिले खोटे ठरत नाही : एवढा विवेक करता येणे ही नागरिकाची गरज आहे. जस्टिनियनच्या साथीवर तो शांतपणे शिकता येतो, कारण त्यात आपले कोणी मेलेले नाही.

वर्गात काय करता येईल?

ही पद्धत आपल्या गावातही वापरता येईल. याच जीवाणूची साथ आपल्याकडेही येऊन गेली. १८९४ मध्ये हाँगकाँगला अलेक्झांडर येर्सिन यांनी तो शोधला आणि सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकॅशियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. पुढे ती साथ पुण्यात आणि गावोगाव पसरली. तिच्याविषयी सरकारी अहवाल आहेत, वर्तमानपत्रे आहेत, काही घरांत ऐकीव आठवणीही असतील. गावातील इतिहासाचे अभ्यासक, एखादे डॉक्टर आणि जुनी दप्तरे माहीत असलेले कोणी, अशा तिघांना वर्गात बोलवावे. भाषण ठेवू नये. प्रश्न विद्यार्थ्यांनी विचारावेत आणि उत्तर लांबले तर नम्रपणे अडवण्याची त्यांना मुभा असावी.

प्रश्न तीन पुरेत. ही गोष्ट प्रथम कोणी नोंदवली, आणि तो माणूस तेथे होता का? या पुराव्यावरून काय सांगता येत नाही? कोणती नवी वस्तू किंवा नोंद सापडली, तर तुम्ही आपले मत बदलाल? तिसरा प्रश्न 'इन अवर टाइम'मध्ये फार कमी वेळा विचारला गेला, ही आमची मुख्य तक्रार. पाहुण्यांना तो अवघड जाईल, क्वचित रागही येईल. तरी विद्यार्थ्यांनी तो विचारावा आणि मिळालेले उत्तर सालासकट वहीत लिहून ठेवावे.